वॉर्डातल्या पेशंटचं मन कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ, भायखळा, सायन, मुंबई सेंट्रल. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात कधीतरी कोणीतरी कागद घेऊन कॉटपाशी येतं आणि विचारतं, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कितीदा असं वाटलं की…" पेशंट नातेवाइकाकडे बघतो, नातेवाईक पेशंटकडे. त्या कागदाविषयी जे प्रश्न नेहमी कानावर येतात ते इथे घेतले आहेत. बहुतेक पेशंट आणि घरच्यांचे आहेत, शेवटी एक-दोन वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर आणि विद्यार्थ्यांचे.

माझं ऑपरेशन गुडघ्याचं आहे. मला मनाचे प्रश्न कशाला?

रास्त शंका आहे. तुम्हाला वेडं ठरवायला कोणी आलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. गुडघा बदलल्यावर लगेचच वॉकर धरून उभं राहावं लागतं, दुखत असताना वाकवावा लागतो. मन खचलेला माणूस "उद्या बघू" म्हणत राहतो आणि गुडघा आखडतो. डायबेटिसवाला इन्सुलिन चुकवतो. हार्ट अटॅकनंतर ज्यांना नैराश्य येतं त्यांची तब्येत पुढे जास्त बिघडते, हे तर इतक्या वेळा दिसलंय की अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये नैराश्याला अशा पेशंटसाठी धोक्याचा घटक मानावं अशी शिफारस केली.

दुसरं कारण वॉर्डातलंच आहे. रडणारा, चिडणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेला पेशंट मात्र सगळ्यांना आवडतो. तो बेल वाजवत नाही, सलाईन संपत आली तरी हाक मारत नाही, राउंडला "काही त्रास?" विचारलं की "नाही" म्हणतो. त्याच्या केसपेपरवर सगळं ठीक असतं. प्रश्नावली मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

पण मन असं आकड्यात मोजता येतं का?

मन नाही येत. त्रास किती दिवस होतोय आणि किती जास्त होतोय, एवढं मोजता येतं. "उदास वाटतं का?" असं विचारलं तर हो किंवा नाही यापलीकडे काही हाती लागत नाही. "अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?" असं विचारलं की माणूस जरा थांबून आठवतो. त्या उत्तरांना शून्य ते तीन गुण देऊन बेरीज करायची, इतकं साधं आहे ते. बेरजेवरून पुढे कोणाशी सविस्तर बोलायला हवं ते ठरतं. निदान करतो डॉक्टर, समोरासमोर बोलून.

कोणकोणत्या प्रश्नावल्या वापरतात?

सगळ्यात जास्त दिसते ती पीएचक्यू-९. नैराश्यासाठी नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण गुण ० ते २७. ती २००१ साली प्रसिद्ध झाली, मराठीत उपलब्ध आहे आणि वापरायला परवानगी किंवा पैसे लागत नाहीत. गर्दीच्या ओपीडीत तिचे पहिले दोनच प्रश्न विचारतात आणि सहापैकी तीन किंवा जास्त गुण आले तरच उरलेले सात. तिचीच बहीण जीएडी-७, काळजी आणि घाबरेपणासाठी, सात प्रश्नांची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या डब्ल्यूएचओ-५ मध्ये पाचच प्रश्न असतात आणि पाचही चांगल्या बाजूचे: मन आनंदी होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. पंचवीसपैकी गुण येतात, त्यांना चारने गुणून शंभरपैकी करतात. पन्नास किंवा त्याखाली आले तर पुढे चौकशी करायची. मला स्वतःला सुरुवातीला हीच आवडते. दुखणं घेऊन पडलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न आनंदाचा विचारला की तो निदान मान वर करून बघतो. काही जण हसतातही, "आनंद? इथे?" म्हणून. तेही उत्तरच असतं.

आणि हॅड्स. ही १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी खास हॉस्पिटलच्या पेशंटसाठी बनवली. चौदा प्रश्न, सात चिंतेचे, सात नैराश्याचे, दोन्हींची बेरीज वेगळी, प्रत्येकी २१ पैकी. सातपर्यंत ठीक, आठ ते दहा सीमेवर, अकरापासून पुढे लक्ष द्यायलाच हवं. तिला परवाना लागतो, त्यामुळे कुठूनतरी मिळालेली झेरॉक्स वापरणं बरोबर नाही.

हॉस्पिटलात झोप कोणाला लागते? मग झोपेच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या काकांनी नकळत या सगळ्या कामाची सगळ्यात मोठी अडचण सांगितली.

जनरल वॉर्डची रात्र कशी असते बघा. दिवे पूर्ण बंद होत नाहीत. पलीकडच्या कॉटवरचा पेशंट कण्हतो, रात्रीच ॲडमिशन येतं, ट्रॉलीचं एक चाक करकरत असतं. डोळा लागतो न लागतो तोच पहाटे टेम्परेचर घ्यायला सिस्टर, मग झाडू, मग चहा. अशा माणसाला झोप आली नाही तर ते नैराश्य की वॉर्ड? थकवा येतो तो हिमोग्लोबिन कमी असल्याने, की मन लागत नाही म्हणून? भूक गेलीय ती केमोने, की खायची इच्छाच उरली नाही? पीएचक्यू-९ च्या नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा, भूक हे तीन असे आहेत. हालचाल मंदावण्याचाही एक आहे. म्हणजे मनाने ठणठणीत असलेला पेशंटसुद्धा केवळ आजारामुळे आठ-दहा गुणांपर्यंत सहज जाऊ शकतो.

हॅड्स बनवणाऱ्यांनी म्हणूनच झोप, भूक, थकवा यांवरचे प्रश्न वगळले. आवडत्या गोष्टीत अजून गोडी वाटते का, हसू येतं का, काहीतरी वाईट घडणार अशी धास्ती वाटते का, अशा अंगाने ते विचारतात. तापाने फणफणलेल्या माणसालाही याची उत्तरं देता येतात.

तुम्ही काय करायचं? जे होतंय ते सांगा. कारण शोधत बसू नका, ते आमचं काम आहे. फक्त "इथे झोप लागत नाही, पण घरी लागायची" किंवा "घरीही महिनाभर नव्हती" हे एक वाक्य जोडा. त्या एका वाक्यावर कधीकधी सगळ्या बेरजेपेक्षा जास्त ठरतं.

माझे १२ गुण आले. म्हणजे मला डिप्रेशन आहे?

पीएचक्यू-९ वर ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र अशी वर्गवारी आहे. त्या हिशेबाने १२ मध्यम. पण बेरीज कशाची झाली ते बघितल्याशिवाय काही बोलू नये.

समजा, बायपास होऊन आठवडा झालेले एक गृहस्थ आहेत. झोप ३, थकवा ३, भूक ३, लक्ष लागत नाही १, गोडी वाटत नाही १, उदास १. झाले १२. शेजारच्या कॉटवर दुसरे आहेत. गोडी नाही ३, उदास ३, "मी निकामी आहे" असं वाटणं ३, झोप १, थकवा १, आणि शेवटच्या प्रश्नाला, मेलो तर बरं असं वाटतं का याला, १. हेही १२. पहिल्यांना जखम भरू द्या, हिमोग्लोबिन बघा, आठवड्याने पुन्हा विचारा. दुसऱ्यांशी आजच बोलायला हवं. कागदाच्या कोपऱ्यात नुसतं "१२" लिहून पुढे गेलेल्याला या दोघांमधला फरक कधीच कळत नाही. नैराश्य म्हणायला पहिल्या दोन प्रश्नांपैकी, म्हणजे गोडी जाणं आणि उदासी यांपैकी, एक तरी अर्ध्याहून जास्त दिवस असावा लागतो. बायपासवाल्यांकडे तो नाही.

शिवाय काही औषधं आणि आजार हा आकडा परस्पर फुगवतात. स्टिरॉइडचा मोठा डोस मूड वर-खाली करतो. थायरॉइड मंदावलेला असेल तर माणूस उदास आणि सुस्त होतो. तेव्हा गोळ्यांची यादी प्रश्नावलीच्या शेजारी ठेवूनच आकडा वाचावा.

आईंच्या वतीने मी उत्तरं दिली तर चालेल का?

नाही. रागावू नका, पण नाही.

नेहमी काय होतं ते सांगतो. सत्तरीच्या आजी कॉटवर, सून स्टुलावर. "आजी, गेल्या दोन आठवड्यांत मन उदास…" प्रश्न संपायच्या आत सून म्हणते, "छे हो, आईंना कसलं टेन्शन! आम्ही सगळं बघतो ना." आजी मान डोलावतात. शून्य. सून वाईट नसते, उलट पंधरा दिवस तीच उशाशी बसलेली असते. मग खालून औषधं आणायला तिला बोलावणं येतं, आणि लिफ्टचं दार लागल्यावर आजी हळूच म्हणतात, "पोराच्या सगळ्या सुट्ट्या माझ्यात गेल्या. मी आता जडच झालेय त्यांना." त्याच प्रश्नाला आता तीन.

म्हणून घरच्यांना दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगतात. जनरल वॉर्डात वेगळी खोली मिळणं मुश्कील, पण पडदा ओढता येतो, खुर्ची जवळ घेऊन आवाज खाली आणता येतो, पेशंट चालू शकत असेल तर व्हरांड्यात बसता येतं. तुमची माहितीही हवी असते, ती वेगळी विचारू: आधी कशा होत्या, कधीपासून बदल वाटतो.

वाचता येत नसेल, किंवा मराठी येत नसेल तर?

प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तर तोंडी घेतात. आकडे लक्षात राहत नसतील तर चार पेले काढलेले असतात, रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत. बोट ठेवलं की झालं. मुंबईच्या वॉर्डात एका रांगेत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, बंगाली बोलणारे पेशंट असतात. ज्या भाषेत तपासून घेतलेली प्रश्नावली आहे तीच वापरावी. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या पेशंटसाठीची तीस प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली हिंदी आणि मराठीत डोकं-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटवर तपासून २००५ मध्ये तसं प्रसिद्ध केलं. तीत मानसिक अवस्थेचे चार प्रश्न आहेत. शेजारच्या कॉटच्या नातेवाइकाला दुभाषा करू नका. एवढं एक पथ्य पाळाच.

शेवटचा प्रश्न मरण्याच्या विचारांचा आहे. हो म्हटलं तर पोलीस केस होईल?

नाही. विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्नाबद्दलही कायदा बदललाय. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि सरकारने तिला उपचार द्यायचे. आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारं जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलं नाही.

तुम्ही "काही दिवस" म्हणालात तरी त्याच दिवशी कोणीतरी येऊन बोलेल: विचार कसा येतो, काही ठरवलंय का, जवळ काही ठेवलंय का, पूर्वी कधी असं झालं होतं का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती डॉक्टर लोकांनाही असते. ती खरी नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं.

हॉस्पिटलबाहेर असाल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आमचे बाबा दिवसा नीट असतात, रात्री भलतंच बोलतात, सलाईन ओढतात. त्यांना प्रश्नावली द्यायची का?

प्रश्नावली राहू द्या, आधी डॉक्टरांना बोलवा. वयस्कर माणसाला ऑपरेशननंतर, इन्फेक्शनमध्ये, आयसीयूत असं होतं. त्याला डिलिरियम म्हणतात आणि तो मेंदूवर आलेला तात्पुरता ताण असतो; वेड नव्हे, हट्टीपणा नव्हे, बाहेरचं तर मुळीच नव्हे. त्याची तपासणी वेगळी आहे: अचानक सुरू झालं का, तासातासाला बदलतं का, लक्ष टिकतं का, बोलण्यात सुसंगती आहे का, जागेपण कसं आहे. लक्ष बघायला वार उलटे म्हणायला सांगतात. रविवार, शनिवार, शुक्रवार… आणि बँकेत आयुष्यभर हिशेब केलेला माणूस बुधवारपाशी हरवतो. घरच्यांना ते बघवत नाही, पण त्यातून निदान लवकर होतं. चष्मा, कानाचं मशीन, समोर दिसेल असं घड्याळ आणि ओळखीचा आवाज, याने खरोखर फरक पडतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा: दारू. रोज घेणारा माणूस ॲडमिट झाला की ती एकदम बंद होते आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास सुरू होऊ शकतात. त्यात जीवही जाऊ शकतो. "बाबा कधीतरी घेतात" असं सांगून इभ्रत राखण्याची ही जागा नाही.

माझी उत्तरं कोण वाचणार? ऑफिसला कळेल?

तुमच्यावर उपचार करणारे लोक वाचतात. वर सांगितलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमात मानसिक आजाराच्या माहितीची गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढं सांगता येतं, असे मोजके अपवाद आहेत. ऑफिस त्यात बसत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं, हे २१ व्या कलमात आहे. संशोधनासाठी कोणी विचारत असेल तर आधी संमतीपत्र आलं पाहिजे आणि नाही म्हणायची मोकळीक पाहिजे. नाही म्हटल्याने उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये.

कॅन्सर, टीबी, बाळंतपण, सगळ्यांना एकच फूटपट्टी?

नाही. कॅन्सरच्या पेशंटला बऱ्याचदा शून्य ते दहाची उभी पट्टी दाखवतात आणि त्रास किती ते विचारतात. चार किंवा वर असेल तर पुढे बोलतात. तिच्यासोबत अडचणींची यादी असते, पैसे, राहणं, प्रवास, मुलं. मुंबईत ही यादीच जास्त कामाची ठरते. गावाहून आलेला माणूस पट्टीवर आठ दाखवतो आणि विचारलं तर रेडिएशन संपेपर्यंत राहायचं कुठे, याचा घोर असतो. अशा वेळी सायकायट्रिस्टच्या आधी हॉस्पिटलचा समाजसेवक गाठावा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोय झाली की आठचे चार होतात.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत काहींना सायक्लोसेरिन द्यावं लागतं. त्याने नैराश्य, भास, आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात असो की घराजवळच्या केंद्रात, अशा पेशंटला मनाचं दर भेटीत विचारलं पाहिजे. बाळंतिणीसाठी एडिनबरा प्रश्नावली आहे, १९८७ ची, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेक जणींचं आपोआप ओसरतं; दोन आठवड्यांनंतरही टिकलं तर "होतं असं सगळ्यांनाच" म्हणून सोडू नका.

डिस्चार्जच्या वेळी स्टार द्यायचा फॉर्म भरला होता. तोच हा?

तो नाही. जेवण, स्वच्छता, बिल यांबद्दल तुमचं समाधान तो विचारतो. पाचपैकी पाच स्टार देणारा माणूस घरी जाऊन दार लावून बसू शकतो.

आमचं काय? आम्ही तर महिनाभर जमिनीवर झोपतोय.

खरं आहे, आणि हे क्वचितच कोणी विचारतं. देखभाल करणाऱ्यांवरचा भार मोजायला झरिटची बावीस प्रश्नांची प्रश्नावली आहे, पण मुंबईत त्यासाठी मुद्दाम कोणी येईल याची वाट बघू नका. स्वतःहून समाजसेवकाकडे जा. आणि पाळी लावा. एकाच मुलीवर किंवा सुनेवर सगळं टाकू नका.

सिस्टर आणि विद्यार्थी विचारतात: हे कधी विचारावं?

ॲडमिशनच्या दिवशी नको, बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडल्यावर लगेच नको, राउंड चालू असताना तर नकोच. डिस्चार्जच्या सकाळीही नको. घरी जायच्या ओढीने प्रत्येक उत्तर "एकदम छान" येतं. दुपारी जेवणं आटोपली की नातेवाइकांची भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी वॉर्ड जरा शांत असतो. तेव्हा जा, बसून विचारा. उभ्याने विचारलं की पेशंट उभ्याउभ्याच उत्तर देतो.

आणि सायकायट्रीचा रेफरन्स लागलीच मिळणार नसेल, तरी मोजायचं?

माझं मत कडक आहे: पुढे काय करणार हे ठरलेलं नसेल तर मोजू नका. कोणाला सांगायचं, किती वेळात, रात्री ड्युटीवर कोण, हे वॉर्डाच्या भिंतीवर लिहिलेलं असेल तरच कागद काढा. माणसाने सगळं ओकून टाकायचं आणि आपण फाइल बंद करायची, यापेक्षा न विचारलेलं बरं. मात्र "सायकायट्रिस्ट नाही" हे निमित्त होऊ देऊ नका. सौम्य गुणांच्या पेशंटला झोपेची सोय, दुखणं कमी करणं, आजाराची नीट माहिती आणि रोज पाच मिनिटं बोलणारी एकच ओळखीची सिस्टर, एवढ्यानेही फरक पडतो.

घरी गेल्यावर पुन्हा मोजायचं का?

हो. दोन ते चार आठवड्यांनी, फॉलोअपच्या ओपीडीत, त्याच प्रश्नावलीने. पहिल्या वेळी हॅड्स आणि दुसऱ्या वेळी पीएचक्यू-९ घेतली तर तुलना होत नाही. पीएचक्यू-९ वर पाच गुणांचा आणि शंभरपैकीच्या डब्ल्यूएचओ-५ वर दहा गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. एक-दोन गुण इकडेतिकडे होतच राहतात. डिस्चार्ज कार्डावर प्रश्नावलीचं नाव, तारीख आणि गुण लिहून मागा. ओपीडीच्या दिवशी समोर वेगळा निवासी डॉक्टर असेल, तेव्हा कार्ड एक्स-रेच्या पाकिटात न ठेवता केसपेपरला स्टेपल करून न्या.